वाढत्या मुलीचं वजन

"मुलगी चौदा वर्षांची आहे. वर्षभरात सहा किलो वाढली. आता डाएट सुरू करायचं म्हणते. करू द्यावं का?" हा शहरातल्या आईचा नेहमीचा प्रश्न. तालुक्याच्या गावी दवाखान्यात आलेल्या आईचा प्रश्न वेगळा असतो. "खाल्लेलं हिच्या अंगी लागत नाही. एखादं टॉनिक लिहून द्या." एकीला मुलीचं वजन जास्त वाटतं, दुसरीला कमी. दोघींच्या मुली मात्र वर्गात सारख्याच दमलेल्या दिसतात. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिनचा आकडाही बऱ्याचदा सारखाच निघतो.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सुरू होतात. दहा ते अठरा या वयात मुलीच्या शरीरात काय चाललेलं असतं, ते आधी समजून घ्यावं लागतं.

१. शरीर या वयात काय करत असतं

मुलींची उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ साधारण दहा ते तेरा वर्षांचा. त्यातलं सर्वांत वेगवान वर्ष बाराव्या वर्षाच्या आसपास येतं आणि त्या एका वर्षात उंची सुमारे ८ सेंटिमीटर वाढते. पाळी सहसा हा वेग ओसरायला लागल्यावर येते. काही मुलींमध्ये हे सगळं नवव्या वर्षीच सुरू होतं, तर काहींमध्ये तेराव्या वर्षापर्यंत काहीच हालचाल दिसत नाही. दोन्ही प्रकारच्या मुली निरोगी असतात. पण सहावीच्या वर्गात ज्या मुलीची वाढ आधी सुरू झाली, ती इतरांमध्ये मोठी दिसते आणि बोलणी तिलाच खावी लागतात. दोन वर्षांनी वर्गातल्या बाकीच्या मुलीही तिथवर पोचतात, पण तोवर तिच्या मनात आपण 'जाड' असल्याचं पक्कं बसलेलं असतं.

वजन वाढतं, तशी शरीराची घडणही बदलते. लहान वयात मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरातलं चरबीचं प्रमाण फारसं वेगळं नसतं. वयात येताना मुलाच्या शरीरात स्नायू जास्त भरतात, तर मुलीच्या मांड्या, नितंब आणि छाती यांवर चरबी साठते. वाढ पूर्ण होईपर्यंत निरोगी मुलीच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा असतो. ही चरबी वडापावातून किंवा आळसातून आलेली नसते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन, ती जागच्या जागी ठेवून देतं. चौदाव्या वर्षी अकराव्या वर्षीचा फ्रॉक बसत नाही, कारण तो आता बसायचाच नसतो.

या साठ्याचा उपयोग काय? न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं १९९४ मध्ये लेप्टिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते चरबीच्या पेशींमध्येच तयार होतं आणि घरात शिधा किती आहे, याची खबर मेंदूला देतं. साठा पुरेसा असेल, तर मेंदू पाळीचं चक्र चालू ठेवतो. साठा घसरला, की जे काम पुढे ढकलता येईल ते तो आधी थांबवतो आणि त्यात पाळी पहिली येते. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्या मुलीची पाळी बंद होते ती यामुळे. काही मुलींना ती कटकट गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिच्याबरोबर इस्ट्रोजेनही ओसरलेलं असतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो.

हाडांचं वेळापत्रक तर अजिबात लवचीक नाही. प्रौढ बाईच्या हाडांत जेवढं खनिज असतं, त्याचा जवळजवळ चौथा भाग उंचीच्या वेगवान काळातल्या फक्त दोन वर्षांत भरला जातो. अठरा वर्षांपर्यंत सुमारे ९० टक्के काम झालेलं असतं. ज्वारी पोटरीत आलेली असताना पाणी तोडलं, तर पुढे कितीही पाणी दिलं तरी कणीस भरत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मुलीच्या हाडांची पोटरीची अवस्था म्हणजे बारा ते सोळा ही वर्षं. त्या वेळी राहिलेली उणीव चाळिशीत कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन पूर्ण भरून निघत नाही.

म्हणून पहिल्या आईला उत्तर: नाही, करू देऊ नये. वाढ चालू असताना अन्न तोडून वजन उतरवण्याचा उद्योग कुठल्याच मुलीनं आपल्या आपण करू नये.

२. ताटात किती हवं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये भारतीयांच्या गरजांचे आकडे सुधारून दिले. त्यांनुसार बैठं काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला सुमारे २४०० आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला सुमारे २५०० लागतात. म्हणजे कचेरीत काम करणाऱ्या आईपेक्षा अकरावीतल्या मुलीनं दीडपट जेवायला हवं. तिनं आईपेक्षा एक पोळी जास्त मागितली, की आपण चमकून बघतो, ते चूक आहे.

लोहाचे आकडे याहून बोलके आहेत. प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला ३२. घरात सर्वांत जास्त लोहाची गरज असलेली व्यक्ती ती आहे. आता आपल्याकडची पंगत आठवा. आधी पुरुष, मग मुलगे, मग उरलेल्यांत आई आणि मुलगी. डाळीचा तळ, पालेभाजीची शेवटची चिमूट, मटण केलं असेल त्या दिवशी नुसता रस्सा. ज्या जिवाला सगळ्यांत जास्त हवं, त्याच्या वाट्याला सगळ्यांत शेवटी जे उरेल ते येतं. शेकडो घरांत हे प्रेमानं चालतं आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन मुलींचे दिवस शेजारी ठेवून पाहू. पुण्यात अकरावीला असलेली मुलगी सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते, कॉलेजात दोनदा चहा, दुपारी एक पोळी आणि वाटीभर भाजी, संध्याकाळी काकडी, रात्री सूप. ढोबळ हिशोब केला, तर बेरीज पाच-सहाशे कॅलरींच्या पुढे जात नाही. गावाकडची तिच्याच वयाची मुलगी सकाळी चहात बुडवलेली बटरं खाऊन तीन-चार किलोमीटर सायकल मारत शाळेला जाते, दुपारी डब्यातली भाकरी आणि ठेचा, संध्याकाळी पाणी भरणं, जनावरांचं बघणं, भाकऱ्या थापणं, आणि रात्री पातेल्यात उरलं असेल ते. तिच्या पोटात भाकरी जाते, पण डाळ, दूध, अंडं, पालेभाजी यांतलं रोज काहीच नसतं.

एकीनं ताट दूर सारलं आणि दुसरीच्या पुढे ते आलंच नाही. रक्ताला हा फरक कळत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ५४ होता. महाराष्ट्रात तो ५७ होता. म्हणजे वर्गात चाळीस मुली असतील, तर बावीस-तेवीस जणींचं रक्त कमी. जिना चढताना धाप लागणं, तिसऱ्या तासाला डोळे मिटणं, अभ्यास डोक्यात न शिरणं ही सगळी त्याची लक्षणं. घरात मात्र तिला आळशी म्हटलं जातं.

३. भुकेनं डोक्याचं काय होतं

डाएट करणारी मुलगी दिवसभर निग्रहानं राहते आणि रात्री अकरा वाजता फरसाणाचं पाकीट संपवते. मग रडते, स्वतःला दोष देते, दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास धरते. घरचे म्हणतात, हिच्या मनाला निग्रहच नाही. खरं काय होतं, ते ऐंशी वर्षांपूर्वी झालेल्या एका प्रयोगातून कळतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांवर उपासमारीचा अभ्यास केला. युद्धानंतर युरोपातल्या भुकेल्या लोकांना पुन्हा कसं अन्नावर आणायचं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण स्वेच्छेनं आलेले होते आणि शरीरानं-मनानं धडधाकट म्हणून तपासून निवडलेले होते. चोवीस आठवडे त्यांना त्यांच्या नेहमीच्या जेवणाच्या साधारण निम्मं, दिवसाला सरासरी १५७० कॅलरींच्या आसपास अन्न दिलं गेलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं उतरलं. पण कीज यांच्या नोंदींत शरीराइतकंच मनाबद्दलही लिहिलेलं आहे. त्यांना सतत थंडी वाजे. ते चिडचिडे झाले, मित्रांत मिसळेनासे झाले. डोक्यात अन्नाशिवाय विचार उरला नाही. ज्यांनी कधी चूल पाहिली नव्हती, ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. प्रयोग संपून भरपूर खायला मिळाल्यावरही अनेकांची भूक कित्येक आठवडे आवरेना.

हे विशी-तिशीतले कणखर पुरुष होते आणि त्यांना १५७० कॅलरी मिळत होत्या. आपल्याकडे मोबाइलवर फिरणारे तक्ते चौदा वर्षांच्या मुलीला हजार-बाराशेवर राहायला सांगतात. रात्री फरसाणाकडे जाणारा हात निग्रहाच्या अभावानं जात नाही. मेंदूनं धोक्याची घंटा वाजवलेली असते.

मग पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले ते कसे? यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन असतं, म्हणजे साठवलेली साखर. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं तोडलं, की शरीर आधी हा साठा वापरतं आणि त्याच्याबरोबरचं पाणीही निघून जातं. अर्धा किलो साखर आणि दीड किलो पाणी मिळून दोन किलो. चरबी त्यात जवळजवळ नसतेच. पुन्हा नीट जेवलं, की दोन-तीन दिवसांत सगळं परत येतं आणि मुलीला वाटतं, आपण हरलो.

याहून महत्त्वाची गोष्ट दीर्घ अभ्यासांतून पुढे आली आहे. मिनेसोटातच डायान न्यूमार्क-स्टायनर यांनी हजारो शाळकरी मुलामुलींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जी मुलं डाएट करत होती, जेवण टाळत होती, त्यांचं वजन पाच वर्षांनी डाएट न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं आढळलं. अनावर खाण्याचा सपाटा येण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. बारीक होण्यासाठी धरलेली वाट अनेकींना उलट्या दिशेला नेते.

४. मुलींना हे सुचतं कुठून

फिजी बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या भरदार बांधा हेच चांगल्या घराचं लक्षण मानलं जाई. पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं आणि कुणी वाळलेलं दिसलं तर काळजी करायची, ही तिथली रीत आपल्या खेड्यांतल्या रीतीसारखीच. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या अॅन बेकर यांनी त्याच वर्षी तिथल्या साठेक शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींबद्दल प्रश्नावली दिली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना तीच प्रश्नावली पुन्हा दिली. खाण्याशी बिघडलेलं नातं दाखवणारे गुण आधी १२.७ टक्के मुलींत होते, ते २९.२ टक्क्यांत दिसले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के मुली तसं करत होत्या. अमेरिकन मालिकांतल्या बायकांसारखं दिसलं तर आपल्यालाही चांगली नोकरी, चांगलं जगणं मिळेल, असं मुलींनी बेकर यांना सांगितलं.

अभ्यास लहान होता आणि त्या तीन वर्षांत फिजीत इतरही बदल झाले असतील, हे मान्य. तरी मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय सौंदर्यस्पर्धांत विश्वविजेत्या ठरल्या. पण ते वारं बराच काळ शहरांपुरतं राहिलं. २०१६ नंतर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि शहर-खेडं हे अंतर पडद्यापुरतं तरी मिटलं. आज गडहिंग्लजच्या मुलीच्या हातातली रील आणि बांद्र्याच्या मुलीच्या हातातली रील एकच असते. त्यातला चेहरा फिल्टरनं गुळगुळीत केलेला, कंबर अॅपनं आत घेतलेली. जाहिरातीतलं छायाचित्र असं बदललेलं असेल, तर तसं लिहायलाच हवं, असा नियम फ्रान्सनं २०१७ मध्ये आणि नॉर्वेनं २०२२ मध्ये लागू केला.

इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीला हे माहीत नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगेन या माजी कर्मचारी स्त्रीनं कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आणले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या दर तिघींपैकी जवळपास एकीनं इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढल्याचं सांगितलं होतं. ही पाहणी खुद्द कंपनीची होती.

५. शहरात कंबर, गावात रंग

पडदा एकच असला, तरी आजूबाजूच्या माणसांचे डोळे वेगळे असतात. शहरात बारीकपणाला भाव आहे. तिथल्या मुलीला मांड्या, पोट आणि दंड यांची लाज वाटते. खेड्यात 'वाळकी काडी' हा टोमणा आहे. तिथे चिंता रंगाची, उंचीची आणि अंग न भरल्याची. लग्नाच्या पत्रिकेबरोबर जाणाऱ्या कागदावर 'गोरा', 'निमगोरा', 'गव्हाळ' यांपैकी काय लिहायचं, यावर घरात खल होतो आणि मुलगी शेजारी बसून तो ऐकते. शहरात ताई लग्नाआधी पाच किलो उतरवते, गावात तिला पाच किलो चढवायला सांगतात. शरीर आपलं आणि पसंती दुसऱ्याची, ही गोष्ट दोन्हीकडे तीच. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. ज्या वयात हाडं भरायची, त्या वयात या मुली 'दाखवल्या' जातात.

यातून दोन धोकादायक वस्तू घराघरांत शिरल्या आहेत. पहिली, गोरं करणाऱ्या म्हणून मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबा. महिनाभर चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, पुरळ आणि लव येते, उन्हात गेलं की आग होते आणि ट्यूब सोडली की सगळं दुपटीनं उफाळतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती चिठ्ठीशिवाय मागितली जातात. दुसरी वस्तू म्हणजे अंग भरण्याच्या गोळ्या आणि पावडरी. त्यांतल्या काहींत स्टेरॉइडच असतं. त्यानं चेहरा फुगतो आणि वजन वाढल्यासारखं दिसतं, पण ते पाणी असतं. हाडं उलट ठिसूळ होतात. दुसऱ्या आईनं मागितलेलं टॉनिक डॉक्टर का लिहून देत नाहीत, ते यावरून कळावं.

पण खेड्यातच मला एक वेगळं दृश्य दिसतं आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. पहाटे पाच वाजता तालुक्याच्या मैदानावर पोलीस भरतीच्या मुली पळत असतात. भरतीत मुलींसाठी ८०० मीटर धावणं आणि ४ किलोचा गोळा फेकणं असतं. उंची १५५ सेंटिमीटर लागते. इथे कुणी कुणाला बारीक किंवा काळी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की किती मिनिटांत पळालीस आणि गोळा कुठवर गेला. या मुली शेंगदाणे-गूळ खातात, अंडी मागून घेतात, घरात हक्कानं दूध मागतात, कारण रिकाम्या पोटी गोळा लांब जात नाही, हे त्यांनी अनुभवलेलं असतं. खो-खो, कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्या मुलींचंही तेच. आपलं शरीर काय काय करू शकतं, यावर स्त्रियांना लिहायला लावलं तर त्यांचा शरीराबद्दलचा राग कमी होतो, असं नेदरलँड्समधल्या जेसिका अलेव्हा यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या मैदानावरच्या मुलींना ते न लिहिताच कळलं. वजन आणि बांध्यावर शाळांनी व्याख्यानं ठेवण्यापेक्षा मुलींसाठी मैदान खुलं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. सातवीनंतर मुलीला खेळातून काढून घेणाऱ्या पालकांनी यावर जरूर विचार करावा.

६. वजनकाटा आणि बीएमआय

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा. बेल्जियमच्या अॅडोल्फ केटले यांनी १८३२ मध्ये हे सूत्र मांडलं ते लोकसंख्येची सरासरी काढण्यासाठी. एकेका माणसाचं आरोग्य ठरवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. १९७२ मध्ये त्याला आजचं नाव दिलं ते अॅन्सेल कीज यांनी, म्हणजे उपासमारीचा प्रयोग करणारे तेच शास्त्रज्ञ.

एक उदाहरण करून पाहू. मुलगी तेरा वर्षांची, उंची १५० सेंटिमीटर, वजन ४० किलो. १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५. चाळीसला २.२५ नं भागलं, की १७.८. मोबाइलवरचं अॅप हिला लगेच 'कमी वजन' ठरवतं, कारण प्रौढांसाठीची खालची रेघ १८.५ आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीसाठी १७.८ अगदी ठीक आहे. वाढत्या मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते लागतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी असे तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. ते तयार करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. बालरोगतज्ज्ञ त्यांवर एक ठिपका बघून काही ठरवत नाहीत. दर सहा महिन्यांचे ठिपके जोडून रेघ कशी चालली आहे, ते बघतात. रेघ आपल्या वाटेनं जात असेल, तर मुलगी बारीक असो वा भरलेली, काळजीचं कारण नसतं. रेघ अचानक वर उसळली किंवा खाली कोसळली, तर मात्र कारण शोधायचं.

बारीक म्हणजे निरोगी, हाही गैरसमजच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आकडा एक, शरीरं दोन. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिक यांच्या गटानं गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या मातांचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो होतं आणि बाळांचं २.७ किलो. ही बाळं इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा किडकिडीत होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त होती. पुढे मधुमेहाकडे झुकण्याची सुरुवात तिथे होते. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार होतं, त्यांची बाळं आकारानं मोठी होती. आज चौदा वर्षांची मुलगी काय जेवते, हा प्रश्न तिच्या एकटीपुरता राहत नाही, तो असा.

७. घरात काय करावं

मुलीचं वजन खरोखरच जास्त असेल तर? असं असू शकतं, आणि त्याकडे डोळेझाक करू नये. मानेवर काळपट जाड कातडी दिसणं, पाळी तीन-तीन महिने न येणं, हनुवटीवर केस येणं ही डॉक्टरांकडे जाण्याची कारणं आहेत. पण तिथेही उपाय उपासाचा नसतो. वाढती मुलगी असल्यानं बऱ्याचदा वजन आहे तिथे थांबवून उंची वाढू देणं पुरतं. गोड पेयं आणि पाकिटातलं खाणं घरातच आणायचं नाही, रोज तासभर खेळ, पुरेशी झोप, आणि हे सगळं एकट्या मुलीला न लावता पूर्ण घरानं पाळायचं. भावाच्या ताटात भजी आणि तिच्या ताटात काकडी, असं करू नये.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये पालकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. घरात वजनाबद्दल बोलू नका आणि वरचेवर एकत्र जेवा. पहिली गोष्ट आपल्याला जड जाते. "जाडे, किती खातेस" हे आपण लाडानं म्हणतो. आत्या, मावशी, काकू भेटल्या की पहिलं वाक्य अंगाबद्दलच असतं. आई आरशासमोर उभी राहून स्वतःच्या पोटाला नावं ठेवते, तेही मुलगी ऐकत असते. हे सगळं थांबवता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ताटासाठी फार काही आणावं लागत नाही. सकाळी पोहे-उपमा करताना मूठभर शेंगदाणे किंवा मोड आलेली मटकी, दुपारी आणि रात्री डाळ, रोज एक पालेभाजी, तिच्यावर पिळलेलं लिंबू, कारण आंबटामुळे लोह नीट शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. नाचणी आणि दूध हाडांसाठी. परवडत असेल आणि चालत असेल, तर अंडं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी दप्तरात ठेवून देऊ नये. जेवणानंतर घेतली, तर मळमळ कमी होते. जंताची गोळीही वर्षातून दोनदा घ्यावी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय समजावा. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

काही खुणा दिसल्या, तर मात्र वाट पाहू नये. मुलगी सगळ्यांबरोबर जेवायचं टाळते, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन दार लावून घेते, वजन झपाट्यानं उतरत असतानाही आपण जाड आहोत म्हणते, पाळी थांबते, चक्कर येते, दिवसातून कितीतरी वेळा वजन करते, ढगळ कपड्यांत अंग लपवते. हा हट्ट किंवा नखरा नसतो. खाण्याचे विकार हे मनाच्या सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी मानले जातात आणि लवकर उपचार झाले, तर त्यांतून बऱ्याच मुली पूर्ण बऱ्या होतात. तिला रागावू नका, जबरदस्तीनं भरवू नका, आधी बालरोगतज्ज्ञाकडे आणि मग मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती चोवीस तास चालू असते, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.